जिवंत कोरल पार्सलनं पाठवताना आणि घेताना

पार्सल उघडलं की मी आधी वास घेते. पिशवीतल्या पाण्याला ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर येतो तसा खारा वास असेल तर जीव भांड्यात पडतो. कुजलेल्या अंड्यासारखा वास आला, तर आतलं कोरल वाटेतच गेलेलं असतं. न्यू जर्सीतल्या आमच्या घरातून गेली काही वर्षं असे खोके जातायत आणि येतायत. सुरुवातीला जे गमावलं ते बहुतेक टाळता आलं असतं, हे आता कळतं. अमेरिकेत घरी समुद्री टँक असलेल्या आणि आता पहिल्यांदाच फ्रॅग मागवणाऱ्या किंवा पाठवणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहिते आहे. (फ्रॅग म्हणजे कोरलच्या, म्हणजे प्रवाळाच्या, मोठ्या वसाहतीचा कापून प्लगवर, म्हणजे छोट्या बैठकीवर, चिकटवलेला छोटा तुकडा.)

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधी एक महत्त्वाची गोष्ट. तिथे हे करू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळी दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी ती वाघाच्या पंक्तीत बसतात. ती पकडणं, विकणं, कुरिअरनं पाठवणं हा ३ ते ७ वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला मेलेला तुकडासुद्धा खिशात घालू नये. सागरी किनारा मार्गाच्या कामात २०२० साली वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळ वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा मुंबई महापालिकेलाही वन विभागाची परवानगी घ्यावी लागली होती. उलट, इकडून सुट्टीला जाताना भाच्यासाठी एक फ्रॅग बॅगेत टाकू, असंही मनात आणू नका. दगडी प्रवाळं साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि परवान्याशिवाय ती सीमा ओलांडू शकत नाहीत. अमेरिकेतल्या अमेरिकेत, टँकमध्ये वाढवलेले फ्रॅग एका घरून दुसऱ्या घरी पाठवणं ही वेगळी गोष्ट आहे. पुढचं सगळं तेवढ्यापुरतं आहे.

बंद खोक्यात काय होतं

अंगठीतलं पोवळं म्हणजे घासून गुळगुळीत केलेला सांगाडा. आपल्याला पाठवायचा आहे तो सांगाड्यावर बसलेला जिवंत प्राणी. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. उजेडात ते शैवाल साखर आणि ऑक्सिजन बनवतं आणि त्यातला बराच वाटा कोरलला मिळतो. खोका बंद झाला की अंधार होतो आणि ऑक्सिजन बनणं थांबतं. श्वास मात्र कोरल, शैवाल आणि पाण्यातले जीवाणू असे तिघंही घेत राहतात. २५ अंश सेल्सिअसच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. पाणी तापलं की तो आणखी कमी होतो आणि नेमकी तेव्हाच सगळ्यांची श्वासाची गरज वाढते. त्यात बिथरलेलं कोरल बुळबुळीत स्राव सोडतं. जीवाणूंना ती मेजवानीच. ते वाढतात, उरलेला ऑक्सिजन खातात, अमोनिया साठत जातो.

नवीन माणसाला वाटतं, खोका आपटला तर कोरल मोडेल. मोडतंही कधीकधी, पण मोडलेली फांदी जगते, तिचा वेगळा फ्रॅग होतो. मला खरी भीती वाटते ती कोमट, घाण झालेल्या पाण्याची. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या पाण्याला लांब ठेवण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: दोन आठवडे आधी

आज कापलेला फ्रॅग उद्या पाठवू नका. कापल्यावर उघड्या जखमेतून स्राव वाहतो, आणि बंद पिशवीत त्याचं काय होतं ते वर सांगितलंच. कापून, प्लगवर चिकटवून निदान दहा दिवस, शक्यतो दोन आठवडे टँकमध्येच राहू द्या. कापलेल्या कडेवर नवीन मांसल पापुद्रा चढलेला दिसला आणि तुकडा प्लगवर पसरू लागला की तो प्रवासाला तयार. या दिवसांत टँकचं पाणी स्थिर ठेवा: तापमान २५ अंशांच्या आसपास, क्षारता (म्हणजे पाण्याचा खारेपणा, विशिष्ट गुरुत्वात) १.०२५. आधीच फिकट पडलेलं, आक्रसलेलं कोरल कितीही चांगलं बांधलं तरी पोचेपर्यंत टिकत नाही. समोरच्या माणसाला फोन करून 'पंधरा दिवस थांब' म्हणायला संकोच वाटतो. तरीही म्हणा.

दिवस कुठला

सोमवार किंवा मंगळवार, फार तर बुधवार. रात्रीत पोचणारी सेवा घ्या. गुरुवारी पाठवलेल्या खोक्याला एक दिवस उशीर झाला तर तो शनिवार-रविवार गोदामात अडकू शकतो. थँक्सगिव्हिंग आणि नाताळचे आठवडे पूर्ण टाळा.

हवामान बघताना लोक आपलं गाव आणि समोरच्याचं गाव बघतात. मधलं गाव विसरतात. फेडेक्सचे बहुतेक खोके रात्री मेम्फिसला उतरतात, यूपीएसचे केंटकीतल्या लुईव्हिलला. फ्लोरिडाहून टेक्सासला जाणारं कोरलसुद्धा जानेवारीतल्या रात्री केंटकीच्या थंडीत धावपट्टीलगत उभं असू शकतं. तेव्हा तीन गावांचं तापमान बघा.

घरी डिलिव्हरी घेण्यापेक्षा कुरिअरच्या केंद्रावर जाऊन खोका घ्यायला सांगा. एकदा ऑगस्टमध्ये माझा खोका सकाळी साडेनऊला दारात ठेवला गेला आणि आम्ही घरी पोचलो दुपारी तीनला. दार पश्चिमेला आहे. त्यातल्या सहा कोरलांपैकी एक वाचलं. तेव्हापासून मी केंद्रावरूनच घेते.

आदल्या दिवशी

दोन दिवस कोरलला खाणं देऊ नका. पोटातलं अन्न पिशवीत बाहेर पडलं की पाणी नासतं.

नवं मिठाचं पाणी आदल्या दिवशीच कालवून, हवा सोडून ठेवा. क्षारता आणि तापमान टँकइतकंच हवं. पिशवीत मी टँकचं पाणी वापरत नाही, कारण त्यात जीवाणू आणि तरंगणारी घाण आधीच असते. जुने लोक टँकचंच पाणी बरं म्हणतात, 'त्याला सवय असते'. माझा अनुभव तसा नाही.

पिशवीत भरणं

इथे घाई करू नका.

आधी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. झोअँथिड आणि विशेषतः पॅलिथोआ जातीच्या कोरलांत पॅलिटॉक्सिन असू शकतं, आणि ते अत्यंत जहाल विष आहे. बोटावर कापलेलं असताना ती हाताळू नका, त्यांचं पाणी डोळ्यांत उडू देऊ नका. ती चिकटलेला दगड उकळत्या पाण्यानं साफ करायचा प्रयत्न तर कधीही करू नका. त्या वाफेनं कुटुंबच्या कुटुंब रुग्णालयात गेल्याची उदाहरणं आहेत. घरात लहान मुलं असतील तर हे काम ती शाळेत गेल्यावर करा.

टँकमधून काढलेला फ्रॅग लगेच पिशवीत घालू नका. आधी त्याच नव्या पाण्याच्या स्वच्छ भांड्यात अर्धा तास ठेवा. बिथरून सोडायचा तो स्राव तिथेच सुटू द्या. मग तो दुसऱ्या ताज्या पाण्यात, म्हणजे पिशवीत जातो. एवढ्या एका सवयीनं माझ्या पिशव्यांमधलं पाणी दुसऱ्या दिवशीही काचेसारखं राहायला लागलं.

पुढे कोरलच्या जातीप्रमाणे पद्धत बदलते.

ॲक्रोपोरासारखी फांद्यांची, बारीक पॉलिपची (पॉलिप म्हणजे वसाहतीतला एकेक फुलासारखा जीव) कोरलं ठिसूळ असतात आणि प्लास्टिकला घासली की कातडी सोलून निघते. प्लग थर्माकोलच्या चकतीत घट्ट खोचा आणि फ्रॅग उलटा, पाण्यात लटकता ठेवा. चकती तरंगते, फांद्या खाली मोकळ्या राहतात, पिशवी कशीही कलंडली तरी कडेला लागत नाहीत.

टॉर्च, हॅमर, बबल अशी मोठ्या मांसल पॉलिपची कोरलं वेगळी. त्यांच्या मऊ अंगाखाली सांगाड्याच्या करवतीसारख्या कडा असतात. फुगलेल्या अवस्थेत ते पाण्याबाहेर उचललं, तर आतल्या पाण्याच्या वजनानं मांस त्या कडांवर फाटतं. म्हणून पाण्यातच हातानं हलकी लाट द्या, ते आक्रसेपर्यंत थांबा आणि मग सांगाड्याला किंवा प्लगला धरून उचला. मांसल भागाला बोट लावू नका. यांना पिशवीपेक्षा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा बरा. श्रीखंडाचा डबा चालतो, पण साबणाचा अंश उरता कामा नये. नुसत्या गरम पाण्यानं चारपाचदा धुवा.

मश्रूम, झोअँथिड आणि चामड्यासारखी मऊ कोरलं दमदार असतात, साध्या पिशवीतही नीट जातात. पण लेदर कोरल खूप स्राव सोडतं, त्याला पाणी जास्त द्या.

इंचभराच्या फ्रॅगला दीड वाटी, म्हणजे पाव लिटरच्या आसपास पाणी पुरतं. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा ठेवा. पिशवी तोंडानं फुगवू नका, आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. हवेतून पिशवी एकदा फिरवून तोंड पिळलं की पुरेशी हवा अडकते. एका रात्रीच्या प्रवासाला शुद्ध ऑक्सिजन लागत नाही. पिशवी अगदी टम्म करू नका. विमानात हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, तिथे ती आणखी फुगते आणि गाठ सुटते. तोंड पिळून, दुमडून दोन रबरबँड लावा. दुसऱ्या पिशवीत उलटी घालून पुन्हा बांधा. मग वर्तमानपत्रात गुंडाळा, म्हणजे बाहेर खोका उघडताना एकदम उजेड पडत नाही. एका पिशवीत एकच कोरल. जागा वाचवायला दोन घातली तर एकाच्या डंखानं किंवा मरण्यानं दुसरंही जातं.

पिशवीवर नाव लिहा. पेन्सिलीनं, कागदाच्या चिठ्ठीवर, दोन पिशव्यांच्या मधे.

खोका आणि तापमान

बाहेर पुठ्ठ्याचा खोका, आत निदान इंचभर जाड थर्माकोलचा. सांध्यांना चिकटपट्टी. आतून एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी पसरा, म्हणजे एखादी छोटी पिशवी गळली तरी पुठ्ठा भिजून फाटत नाही. सगळ्या पिशव्या मावल्यावर उरलेली जागा वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी भरा. खोका हलवून पाहा, आत काही सरकल्याचा आवाज येता कामा नये.

आता हीट पॅक. नवीन लोक सगळ्यात जास्त चुका इथे करतात आणि त्या काळजीपोटीच होतात. थंडी आहे, बिचारं गारठेल, म्हणून तीन-तीन पॅक घालतात. कोरल थंडीनं मंदावतं. एखादी रात्र २० अंशांवर गेली तरी बहुतेक जाती सावरतात. ३२ अंशांवर तेच कोरल काही तासांत संपतं. त्यामुळे जरा गार चालेल, गरम चालणार नाही, एवढं धरून चला.

पॅकमध्ये लोखंडाची भुकटी असते, ती हवेतला ऑक्सिजन घेऊन गंजते आणि तापते. म्हणजे एक तर त्याला हवा लागते, पूर्ण बंद थर्माकोलात तो विझतो. दुसरं, तो पाकिटातून काढल्यावर तापायला अर्धा-पाऊण तास लागतो, तेव्हा भरणं सुरू करण्याआधीच काढून ठेवा. वर्तमानपत्राच्या दोन-तीन थरांत गुंडाळून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, पिशव्यांना थेट लागू देऊ नका. एका रात्रीचा प्रवास असला तरी ७२ तासांचा पॅक घ्या, उशीर झाला तर उपयोगी पडतो आणि तापतोही बेताचा. माझा स्वतःचा नियम असा: तिन्हीपैकी कुठल्याही गावी रात्री ८-१० अंशांखाली उतरत असेल तर एक पॅक, पाणी गोठण्याच्या खाली जात असेल तर कोरल पाठवतच नाही. उन्हाळ्यात उलट. जेलचा थंड पॅक फ्रीजमध्ये गार करा, फ्रीझरमध्ये गोठवू नका, आणि तोही कागदात गुंडाळून ठेवा.

हे सगळं वाचून पाठवायच्या आधी एक रंगीत तालीम जरूर करा. पिशव्यांत कोरलऐवजी नुसतं २५ अंशांचं पाणी भरा, आत कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर टाका, खोका नेहमीसारखा बंद करा आणि रात्रभर गॅरेजमध्ये ठेवा. सकाळी आकडे बघा. पंधरा डॉलरच्या थर्मामीटरनं मला जे शिकवलं ते कुठल्याही सल्ल्यातून कळलं नसतं: माझा पहिला खोका एका पॅकवर ३१ अंशांपर्यंत गेला होता.

घर बदलताना गाडीतून नेणाऱ्यांसाठी एवढंच: हेच सगळं, पण थर्माकोलऐवजी पिकनिकचा कूलर, आणि तो डिकीत न ठेवता माणसं बसतात तिथे, एसीत. वाटेत जेवायला थांबलात तर बंद गाडीत ठेवू नका.

पोचल्यावर

खोलीतले दिवे मंद करा, टँकचे बंद. पिशव्या न उघडता पंधरा-वीस मिनिटं टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळतं. अजून काहीही उघडू नका.

यानंतर काय करायचं नाही ते सांगायला मला माझं नुकसान सांगावं लागेल. माशांसाठी मी नळीनं थेंब थेंब टँकचं पाणी घालत दोन तास सवय लावायला शिकले होते. एकदा उशिरा आलेला, दोन रात्री खोक्यात काढलेला ट्रॅकिफिलिया (एक मांसल कोरल) मी तसाच दोन तास थेंबाखाली ठेवला. तो पोचला तेव्हा जिवंत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हता.

कारण नंतर समजलं. बंद पिशवीत श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच उतरतो. त्या उतरलेल्या पीएचमध्ये साठलेला अमोनिया बराचसा अमोनियमच्या रूपात, म्हणजे तुलनेनं निरुपद्रवी असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो. वरून तुम्ही ८.२ पीएचचं टँकचं पाणी घालता. पीएच एका अंकानं चढला की विषारी अमोनिया जवळजवळ दहापट होतो. म्हणजे मी काळजी घेतेय असं समजून त्याला दोन तास विषात बसवलं होतं.

तेव्हा तापमान जुळल्यावर पिशवी उघडा, पाण्याची क्षारता मोजा, आणि कोरल लगेच त्या पाण्यातून बाहेर काढा. क्षारता टँकच्या अगदी जवळ असेल तर पुढच्या कामाला लागा. फरक मोठा असेल तर पिशवीइतक्या क्षारतेचं स्वच्छ पाणी वेगळ्या भांड्यात तयार करा आणि त्यात वीस-तीस मिनिटांत हळूहळू टँकपर्यंत आणा. पिशवीतलं पाणी सिंकमध्ये ओता, त्याचा थेंबही टँकमध्ये नको.

मग डिप. टँकचं थोडं पाणी बादलीत घेऊन त्यात कोरल-डिप बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मिसळा, कोरल पाच-दहा मिनिटं ठेवा, हलक्या हातानं हलवा. तळाशी काय पडतं ते विजेरीनं बघा: चपटे किडे, गोगलगायीसारखे पांढरे न्यूडिब्रँक. अंडी मात्र डिपनं मरत नाहीत. म्हणून जुना प्लग कापून टाका आणि नवीन लावा. कोरल अगदीच मलूल असेल तर डिपचा ताण त्याला झेपणार नाही. ते वेगळ्या छोट्या टँकमध्ये चार दिवस सावरू द्या, मग डिप. थेट मोठ्या टँकमध्ये घालायचा मोह आवरा, कारण ॲक्रोपोरा खाणारे चपटे किडे एकदा शिरले की वर्षभर निघत नाहीत.

शेवटी टँकच्या तळाशी, मंद उजेडात ठेवा. दोन दिवस अंधारात काढलेल्या शैवालाला एकदम पूर्ण उजेड मिळाला तर कोरल ते शैवाल अंगाबाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. दोन आठवड्यांत हळूहळू वर सरकवा.

नंतरचे दिवस

पहिले दोन-तीन दिवस पॉलिप बंद राहिले तर घाबरू नका, हात घालून जागा बदलत बसू नका, खायला घालू नका. पांढरं दिसलं तर भिंग घेऊन जवळून बघा. सांगाड्यावर पारदर्शक कातडी अजून असेल तर ते फक्त फिकट पडलंय, मंद उजेडात आणि स्थिर पाण्यात परत रंगावर येऊ शकतं. कातडीच नसेल आणि उघडा सांगाडा दिसत असेल तर तो भाग मेलाय. मेलेली कड तासातासाला वर चढताना दिसली तर थांबू नका, जिवंत भागातून दोन-तीन मिलिमीटर आत कापा आणि वाचलेला शेंडा नव्या प्लगवर लावा. टॉर्च-हॅमरवर तपकिरी जेलीसारखं काही दिसलं तर ते पाण्यात न पसरवता नळीनं ओढून काढा आणि कोरल लगेच वेगळं करा.

पोचताच, पिशवी न उघडता फोटो काढून पाठवणाऱ्याला कळवा. मेलं असेल तरी कळवा, विशेषतः मेलं असेल तर. पुढच्या वेळी तो पॅक एक कमी घालेल.

थर्माकोलचा खोका फेकू नका, तुमचा पहिला फ्रॅग त्यातूनच जाईल. आमच्याकडच्या एका खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं तारीख, किती तास लागले, आतलं कमाल-किमान तापमान आणि किती जगले एवढं लिहिलेलं असतं. जो घेतो तो पुढची ओळ भरून खोका परत पाठवतो. सध्या तो टेनेसीला आहे.